५५ प्लस वसाहतीत व्हीए लोनवर घर: कर्जाला तोड नाही, घोडं अडतं ते वसाहतीच्या कागदांवर

अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेल्या माणसाला उतारवयात घर घ्यायचं असेल तर व्हीए लोनच्या, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी हमीच्या कर्जाच्या, तोडीचं कर्ज बाजारात नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तक्रारी बऱ्याच आहेत. त्यातल्या कर्जाबद्दलच्या थोड्या. बहुतेक त्रास सुरू होतो तो हे कर्ज मंजूर करून घेऊन माणूस रिटायरमेंट कम्युनिटीच्या, म्हणजे वयाची अट असलेल्या ५५ प्लस वसाहतीच्या, ऑफिसात जातो तेव्हा. कॅलिफोर्नियातल्या लगुना वुड्स व्हिलेजचंच बघा. गेट एक, स्विमिंग पूल तेच, बसही तीच. पण आतली काही घरं ‘युनायटेड’ या संस्थेची, म्हणजे को-ऑप (घर संस्थेचं, तुमच्याकडे फक्त शेअर), आणि काही ‘थर्ड’ या संस्थेची, म्हणजे कॉन्डो (घर तुमचं, बाकी जागा सामायिक). पहिल्या प्रकारात व्हीए लोन चालतच नाही. दुसऱ्यात चालू शकतं, पण तेही प्रकल्पाचं नाव व्हीएच्या यादीत असेल तर. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही घरं सारखीच दिसतात.

कर्जाची ओळख थोडक्यात. १९४४च्या जीआय बिलापासून ही योजना चालू आहे. डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स, म्हणजे व्हीए, स्वतः पैसे देत नाही. पैसे बँक किंवा मॉर्गेज कंपनी देते आणि कर्जाच्या एका भागाची हमी व्हीए घेते. या हमीमुळेच डाउन पेमेंट शून्य चालतं, दरमहाचा मॉर्गेज इन्शुरन्स (कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई देणारा विमा) लागत नाही आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. क्रेडिट स्कोअरची किमान अट व्हीएने घातलेली नाही, बँका मात्र आपली घालतात. म्हणून एका बँकेने नाही म्हटलं की विषय संपला असं समजू नये.

वयाची भीती बाळगायचं कारण नाही. ‘आता पंचाहत्तरी आली, तीस वर्षांचं कर्ज कोण देणार?’ हा प्रश्न वारंवार येतो. उत्तर असं की वयावरून कर्ज नाकारायला समान कर्जसंधीच्या कायद्याने बंदी आहे. बँकेने उत्पन्न बघायचं, जन्मतारीख नाही. पंधरा वर्षांच्या मुदतीचा आग्रह कोणी वयाकडे बघून करत असेल तर सरळ दुसरीकडे जावं. तीस वर्षांचा हप्ता कमी बसतो, आणि पैसे हाताशी असतील तेव्हा जास्त भरायला कोणी अडवत नाही.

आता मुख्य मुद्दा. वसाहतीचं नाव, क्लबहाऊस, गोल्फ कोर्स हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच: पैसे देऊन नेमकं काय आपल्या नावावर होणार आहे?

जमिनीसह स्वतंत्र घर असेल तर मार्ग सर्वांत सोपा. अॅरिझोनातलं सन सिटी, जे डेल वेब यांनी १ जानेवारी १९६० रोजी खुलं केलं, किंवा फ्लोरिडातलं द व्हिलेजेस, अशा ठिकाणच्या प्लॉटवरच्या घरांना व्हीएकडून प्रकल्पाची वेगळी मंजुरी लागत नाही. त्या एका घराचं अप्रेझल, म्हणजे किमतीची तपासणी, झालं की पुरतं. पण इथेही डोळ्यांवर विसंबू नये. सन सिटीत जुळी घरं आणि पॅटिओ होम बरीच आहेत. पुढे अंगण, बाजूला गॅरेज, बघणाऱ्याला बंगलाच वाटतो, आणि कागदावर ते कॉन्डो असतं. ओळखायची युक्ती साधी आहे. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रेकॉर्डमध्ये किंवा जुन्या खरेदीखतात मिळकतीचं कायदेशीर वर्णन असतं, तेवढं एक कलम वाचायचं. ‘लॉट’ नंबर असेल तर जमीन तुमची. ‘युनिट’ नंबर आणि त्याला जोडून सामायिक जागेतला अविभक्त हिस्सा असं लिहिलेलं असेल तर कॉन्डो. एजंटच्या जाहिरातीत ‘सिंगल फॅमिली’ लिहिलंय म्हणून निश्चिंत राहू नये.

कॉन्डो निघाला तर व्हीएच्या संकेतस्थळावर मंजूर प्रकल्पांची यादी आहे, तिथे नाव शोधायचं. नाव शोधतानाही गोम आहे. लोक ज्या नावाने वसाहत ओळखतात ते नाव यादीत नसतं, डिक्लरेशनवर, म्हणजे वसाहतीच्या नियमांच्या मूळ नोंदणीकृत कागदावर, जे कायदेशीर नाव आणि जो फेज (टप्पा) असतो तो असतो. म्हणून गावाचं नाव किंवा झिप कोड टाकून यादी चाळलेली बरी. फेज १ मंजूर आणि फेज ३ नाही असंही असू शकतं.

यादीत नसेल तर बँक मंजुरीसाठी अर्ज पाठवू शकते. त्यासाठी डिक्लरेशन, बायलॉज, नकाशा, बजेट, सभेची इतिवृत्तं आणि चालू खटल्यांची माहिती लागते. एकट्या फ्लॅटपुरती मंजुरी व्हीएमध्ये नाही, पूर्ण प्रकल्पच मंजूर व्हावा लागतो. जुन्या ५५ प्लस वसाहतींचं गाडं हमखास अडतं ते एका कलमावर: घर विकायला निघालं की ते घेण्याचा पहिला हक्क असोसिएशनचा, म्हणजे घरमालकांच्या संस्थेचा. मालकाच्या विकण्याच्या हक्कावर असं बंधन व्हीएला सहसा चालत नाही, आणि ते काढायचं तर सभासदांचं मतदान घेऊन डिक्लरेशन बदलावं लागतं. एका खरेदीदारासाठी तेवढा खटाटोप कोणी करत नाही. सभासदांमध्ये माजी सैनिक बरेच असतील आणि बोर्डाला आपली गिऱ्हाइकं वाढवायची असतील तरच हे जमतं. एरवी पुढचं घर बघावं. मंजुरी नसलेल्या कॉन्डोवर इसाऱ्याची रक्कम देऊन ‘होईल महिन्याभरात’ म्हणत बसणं हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत महागडा आशावाद.

फ्लोरिडातल्या उंच इमारतींमधल्या कॉन्डोंसाठी आणखी एक तपासणी हवी. सर्फसाइडची इमारत २०२१मध्ये कोसळल्यानंतर तिथे २०२२मध्ये कायदा झाला आणि तीन किंवा जास्त मजल्यांच्या जुन्या इमारतींना ढाच्याची तपासणी आणि दुरुस्तीसाठी राखीव निधी सक्तीचा झाला. वर्षानुवर्षं मासिक शुल्क मुद्दाम कमी ठेवणाऱ्या असोसिएशनना त्याने घाम फुटला. म्हणून तपासणी अहवाल, राखीव निधीचा अभ्यास आणि मागच्या दोन वर्षांची इतिवृत्तं मागावीत. ‘स्पेशल असेसमेंट’, म्हणजे मालकांकडून घ्यायची जादा वर्गणी, हा शब्द इतिवृत्तात दिसला की आकडा विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

को-ऑपमध्ये तुमच्या नावावर घर होत नाही. संस्थेचा शेअर आणि राहायचा हक्क मिळतो. लिझर वर्ल्ड सील बीचमधली बहुतांश घरं अशीच. तिथे व्हीए लोनचा विचार सोडून द्यावा. कंटिन्युइंग केअर किंवा लाइफ प्लॅन म्हणतात त्या, राहणं आणि पुढची शुश्रूषा एकत्र देणाऱ्या, वसाहतींचंही तेच. तिथे भरता ती प्रवेश फी असते, खरेदीची किंमत नव्हे, मग गहाण काय ठेवणार?

भाड्याच्या जागेवरची मॅन्युफॅक्चर्ड, म्हणजे कारखान्यात बनवून आणलेली, घरं फ्लोरिडा आणि अॅरिझोनात ढिगाने मिळतात आणि किंमत बघून मोह होतो. नियमाने दार पूर्ण बंद नाही, पण जमिनीचा भाडेपट्टा कर्जाची मुदत संपल्यानंतरही किमान १४ वर्षं चालणारा हवा, आणि घर पक्क्या पायावर बसवून स्थावर मिळकत म्हणून नोंदलेलं हवं. अशा घरांच्या पार्कचा जागेचा करार वर्षावर्षाचा असतो, तेव्हा व्यवहारात हे जुळतच नाही. त्याच प्रकारचं घर स्वतःच्या प्लॉटवर असेल तर मात्र बँक शोधायला हरकत नाही.

वयाच्या अटीचं काय? ‘व्हीए वयाची अट असलेल्या वसाहतीला कर्ज देत नाही’ असं ठामपणे सांगणारे लोन ऑफिसर आजही भेटतात. ते चूक आहे. नियमात ज्येष्ठांसाठीच्या घरांवरचं असं बंधन स्पष्ट मान्य केलेलं आहे, फक्त ते घरांच्या व्यवहारात भेदभावाला बंदी करणाऱ्या फेअर हाउसिंग कायद्यात बसणारं हवं आणि खरेदीदाराने ते समजून घेऊन लेखी संमती द्यायला हवी. हे संमतीपत्र कर्जाच्या फाइलमध्ये लागतं. दोन ओळींचा कागद, पण अननुभवी बँकेला तो क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण होण्याच्या, आदल्या आठवड्यात आठवतो. पहिल्याच दिवशी सही करून देऊन टाकावा.

कायद्यात बसणारं म्हणजे काय, तेही माहीत हवं. १९९५च्या कायद्यानुसार ५५ प्लस वसाहतीत राहत्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत ५५ किंवा त्याहून जास्त वयाची निदान एक व्यक्ती राहत असली पाहिजे, आणि असोसिएशनने दर दोन वर्षांनी वयाची पडताळणी करायला हवी. ही नोंद दाखवायला सांगा. ६२ प्लस वसाहत असेल तर सगळेच रहिवासी ६२ पूर्ण लागतात, त्यामुळे नवरा ६६ आणि बायको ५८ असेल तर ते घर सोडूनच द्या. संमतीपत्रावर सही करण्याआधी डिक्लरेशनमधली दोन उत्तरं शोधा: नातवंडांना वर्षात किती दिवस राहता येतं, आणि ५५च्या आतला जोडीदार मागे राहिला तर त्याला घरात राहू देतात का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वसाहतीगणिक बदलतं.

राहण्याची अटही कडक आहे. घर तुमचं मुख्य निवासस्थान असलं पाहिजे, आणि साधारण ६० दिवसांत राहायला गेलं पाहिजे. जोडीदार राहायला गेला तरी चालतं. पण हिवाळ्यात तीन महिने ऊब घ्यायला म्हणून घर, हे चालत नाही. नियमात तसं स्पष्ट लिहिलंय.

अजून नोकरीत असलेल्यांसाठी एक चांगली सवलत आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. अर्जापासून १२ महिन्यांच्या आत ठरलेल्या तारखेला निवृत्त होणार असाल तर घर आत्ता घेऊन नंतर राहायला जाता येतं. नोकरीच्या ठिकाणी दिलेल्या निवृत्तीच्या अर्जाची प्रत जोडावी लागते. ‘एक-दोन वर्षांत रिटायर व्हायचा विचार आहे’ एवढ्याने भागत नाही, तारीख हवी. आणि कर्ज मोजलं जातं ते निवृत्तीनंतरच्या उत्पन्नावर, आजच्या पगारावर नाही. इथे अनेकांचा हिशोब कोसळतो.

उत्पन्न मोजण्याची व्हीएची रीत निवृत्तांना झुकतं माप देणारी आहे, आणि हे या कर्जाचं खरं बलस्थान म्हणायला हवं. एक उदाहरण घेऊ. फ्लोरिडात १,६०० चौरस फुटांचं घर, कर्ज ३,२०,००० डॉलर, व्याज ६.५ टक्के, मुदत ३० वर्षं. हप्ता २,०२३ डॉलर. त्यात मालमत्ता कर ३००, विमा २००, वसाहतीचं शुल्क २०० आणि डिस्ट्रिक्टची (रस्ते-पाण्याच्या सोयींची) आकारणी १२० धरली तर महिन्याला २,८४३. नवरा-बायकोची सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) ३,१०० आणि व्हीएची डिसेबिलिटी (सैन्यातल्या नोकरीमुळे आलेल्या अपंगत्वाची भरपाई) १,९०० मिळून उत्पन्न ५,०००. म्हणजे घरखर्च उत्पन्नाच्या जवळजवळ ५७ टक्के. व्हीएचा मापदंड ४१ टक्के. झालं, संपलं?

नाही. हे उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून गुणोत्तर काढताना बँक ते १२५ टक्के धरू शकते: ६,२५०. गुणोत्तर येतं साडेपंचेचाळीसच्या आसपास. तरीही ४१च्या वरच. मग व्हीएची दुसरी मोजणी कामाला येते, महिन्याअखेर हातात उरतं किती. इथे उत्पन्न फुगवून धरता येत नाही. ५,०००मधून २,८४३ वजा, देखभाल आणि वीज-पाण्यासाठी चौरस फुटाला १४ सेंटच्या हिशोबाने २२४ वजा, उरले १,९३३. दक्षिणेकडच्या राज्यांत दोन माणसांच्या कुटुंबासाठी व्हीएला हवेत ७३८. गुणोत्तर ४१च्या वर असेल तर त्यावर आणखी २० टक्के, म्हणजे ८८६. इथे त्याच्या दुपटीहून जास्त उरतात, त्यामुळे दुसरी देणी नसतील तर फाइल मंजूर होण्याजोगी आहे. गाडीचा ६०० डॉलरचा हप्ता असेल तर उरणाऱ्या रकमेला तो सहज पचतो, पण गुणोत्तर ५५वर जातं आणि बऱ्याच बँका तिथे हात आखडता घेतात.

या हिशोबात लोक हटकून विसरतात ती डिस्ट्रिक्टची आकारणी. द व्हिलेजेससारख्या ठिकाणी रस्ते, गटारं, पाण्याच्या लाइनी बाँड काढून बांधलेल्या असतात आणि त्या बाँडचा हिस्सा प्रत्येक घरावर असतो. जुन्या घरावर तो फिटलेला असेल, नव्यावर मोठी रक्कम बाकी असेल. जाहिरातीतली किंमत सारखी दिसते, खरी किंमत वेगळी असते. बाँडची बाकी आणि वार्षिक देखभाल आकारणी हे दोन आकडे वेगवेगळे विचारा. आणि शंभर टक्के कायम डिसेबिलिटी असलेल्यांना फ्लोरिडात राहत्या घराच्या मालमत्ता करात पूर्ण सूट आहे, पण ती सूट घराच्या किमतीवर आकारल्या जाणाऱ्या करापुरती. बाँडची आकारणी त्याच बिलात छापून येते आणि ती भरावीच लागते. सन सिटीत वेगळा प्रकार: घर घेताना रिक्रिएशन सेंटरची एकरकमी फी आणि पुढे दरवर्षी शुल्क. एकरकमी फी रोखीने लागते, कर्जात बसत नाही. शून्य डाउन पेमेंट म्हणजे शून्य रोकड नव्हे.

फंडिंग फी, म्हणजे व्हीएच्या हमीबद्दल एकदाच द्यायची फी, हा या कर्जातला एकमेव बोचणारा खर्च. पहिल्यांदा वापरताना शून्य डाउनवर २.१५ टक्के, पुन्हा वापरताना ३.३ टक्के. निवृत्तीच्या वयात बहुतेकांचा हा दुसरा-तिसरा वापर असतो, म्हणून इथे जरा गणित करावं. ३,२०,०००च्या घरावर ३.३ टक्के म्हणजे १०,५६० डॉलर. पण ५ टक्के, म्हणजे १६,००० डॉलर, डाउन दिले की फी १.५ टक्क्यावर येते, कितीव्यांदा वापरताय ते बघत नाहीत. ३,०४,०००वर ती होते ४,५६०. सहा हजार वाचले. जुनं घर विकून पैसे हातात असतील तर हे केलंच पाहिजे. १० टक्के दिले तर दर १.२५ होतो, पण त्या पुढच्या पायरीत तितकी गंमत नाही.

व्हीएकडून डिसेबिलिटी कॉम्पेन्सेशन मिळत असेल तर फी पूर्ण माफ. क्लेम अजून लटकलेला असेल आणि नंतर मंजूर होऊन त्याची लागू तारीख क्लोजिंगच्या आधीची निघाली, तर भरलेली फी परत मागता येते. ती आपोआप येईल या भरवशावर राहू नये. बँकेला किंवा व्हीएच्या प्रादेशिक लोन सेंटरला स्वतः कळवावं.

हक्काचं, म्हणजे तुमच्या वाट्याच्या व्हीए हमीचं, प्रमाणपत्र (सीओई) बहुतेक वेळा बँक ऑनलाइन काढते. जुन्या नोकरीची नोंद सापडली नाही तर डीडी-२१४ (सैन्यातून सुटल्याचा दाखला) आणि फॉर्म २६-१८८० (प्रमाणपत्राचा अर्ज) लागतो. जुनं घर विकून कर्ज फेडलं असेल तर पूर्ण हक्क परत मिळवता येतो. कर्ज फेडलंय पण घर विकायचं नाही, मुलगी राहतेय, अशा वेळी हक्क आयुष्यात एकदा परत घेता येतो. तो इथे खर्च करायचा की नाही याचा विचार करून ठेवा. पूर्ण हक्क असेल तर २०२०पासून कर्जाला व्हीएची कमाल मर्यादा नाही. अर्धवट असेल तर काउंटीची मर्यादा लागू: २०२५ची ८,०६,५०० डॉलरची मर्यादा धरली तर तिचे २५ टक्के २,०१,६२५. त्यातले ६०,००० आधी अडकलेले असतील तर उरले १,४१,६२५, आणि त्याच्या चौपट म्हणजे ५,६६,५०० पर्यंत बिनडाउन कर्ज. रिटायरमेंटच्या घराला एवढं पुष्कळ झालं.

अप्रेझलबद्दल लोक उगाच धास्तावतात. जुन्या वसाहतींत अडचण येते ती १९७८पूर्वीच्या घरांच्या पोपडे सुटलेल्या रंगाची, गळक्या छपराची आणि वाळवीची. फ्लोरिडा आणि अॅरिझोनात वाळवीचा अहवाल लागतोच, आणि २०२२पासून त्याचे पैसे खरेदीदारानेही दिले तर चालतात. किंमत कमी येणार असं दिसलं तर अप्रेझर आधी सूचना देतो आणि दोन दिवसांत तुलनेची घरं सुचवायला सांगतो. त्या वेळी शेजारच्या साध्या वस्तीतली घरं देऊ नयेत, वयाची अट असलेल्या वसाहतींतलीच द्यावीत. किंमत कमीच राहिली तर करारातल्या एस्केप क्लॉजमुळे इसाऱ्याची रक्कम परत मिळते. खरेदीदाराच्या एजंटची फी २०२४च्या ऑगस्टपासून व्हेटरनला, म्हणजे माजी सैनिकाला, स्वतः देता येते, पण ती कर्जात घालता येत नाही. विक्रेत्याकडून काढता आली तर उत्तम.

राहिला प्रश्न मागे राहणाऱ्यांचा. कर्जावर जोडीदाराची सही असेल तर व्हेटरनच्या मृत्यूनंतर कर्ज त्याच अटींवर चालू राहतं. मुलांना घर वारशाने मिळतं, पण ती ५५च्या आत असतील तर तिथे राहायला जाता येईलच असं नाही, विकावं लागेल. तेव्हा व्हीए लोनचा एक गुण कामाला येतो. हे कर्ज बँकेच्या मंजुरीने खरेदीदाराच्या नावावर करता येतं, त्याला ०.५ टक्का फी पडते, आणि बाजारात व्याज चढलेलं असेल तर जुन्या दराचं कर्ज हीच घराची मोठी जाहिरात ठरते. तुम्ही हयातीतच असं घर विकणार असाल तर मात्र घेणारा व्हेटरन आहे आणि तो स्वतःचा हक्क त्यात घालतोय, हे लेखी करून घ्या. नाहीतर त्याचं कर्ज फिटेपर्यंत तुमचा हक्क त्या घरातच अडकून पडतो.